भट्टी स्वस्त मिळाली, पण तिचं पोट कोण भरणार?

सामायिक काचकाम सुविधा केंद्राच्या खरेदी समितीतील सर्व सदस्यांना,

सप्रेम नमस्कार.

गेल्या बैठकीचं इतिवृत्त परवा हाती आलं. त्यातल्या सहाव्या ठरावात एकच वाक्य आहे : दीडशे किलो क्षमतेची गॅसवर चालणारी मूस भट्टी सर्वांत कमी दराच्या निविदेप्रमाणे खरेदी करावी. (मूस म्हणजे काच वितळवायचं भट्टीतलं भांडं.) दुसऱ्या निविदेतली भट्टी धुराड्यातली उष्णता परत वापरणारी होती. ती साडेतीन लाखांनी महाग होती, म्हणून बाद झाली. त्या दिवशी मी शेवटच्या रांगेत बसले होते. बोलण्यासाठी हात वर केला, तर ‘तांत्रिक बाबी नंतर पाहू’ असं सांगण्यात आलं. त्यानंतर मी दोन पत्रं दिली. दोन्हींवर पोच मिळाली, उत्तर एकाचंही नाही. म्हणून हे तिसरं पत्र सगळ्यांसमोर लिहिते आहे. केंद्रासाठी सरकारी अनुदान येणार आहे आणि आम्ही नऊ सभासदांनीही पदरचे पैसे घातले आहेत. आमच्यातल्या दोघींनी त्यासाठी सोनं गहाण ठेवलंय. भट्टी पेटली की तिचं बिल दर महिन्याला आम्हालाच वाटून घ्यायचं आहे.

मी या विषयावर का बोलते ते आधी सांगते. माझे वडील छत्रपती संभाजीनगरात एका महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत काच फुंकायचे. फुटलेले कंडेन्सर जोडायचे, तडकलेल्या फ्लास्कला नवी मान बसवायचे. शाळा सुटली की मी त्यांच्या टेबलाशी जाऊन बसायची. त्यांचा जांभळट चष्मा डोळ्यांवर चढवला की ज्योतीतला पिवळा झगझगाट नाहीसा व्हायचा आणि आत मऊ होत जाणारी काच स्पष्ट दिसायची. तेव्हापासून मला दुसरं काही करावंसं वाटलं नाही. आज वाळूजजवळच्या एका शेडमध्ये माझा एक बर्नर आणि दोन विजेच्या किल्न, म्हणजे काच तापवायच्या बंद पेट्या, आहेत. मणी, दिवे, ताटल्या बनवते. माझ्याबरोबर तिघी जणी काम करतात.

आणि माझी एक भट्टी होती. २०१५च्या पावसाळ्यानंतर साठ किलोच्या मुशीची भट्टी मी हौसेनं बांधून घेतली. बांधणारे फिरोजाबादचे उस्ताद पहिल्या दिवशीच म्हणाले होते, “बेटी, भट्टी सोती नहीं है.” ते शब्दशः खरं होतं. मूस एकदा तापली की थंड होऊ द्यायची नाही, कारण थंड होताना ती तडकते. म्हणजे तुम्ही काम करा, झोपा, लग्नाला जा, दिवाळी करा, ती रात्रंदिवस हजाराच्या वर तापलेली राहते. मीटर बसवायचं मला सुचलं नव्हतं. दुसऱ्या महिन्याचं बिल पाहून हादरले आणि भंगारवाल्याकडचा वजनकाटा मागून आणला. रोज सकाळी आणि रात्री सिलिंडर काट्यावर ठेवायचे आणि आकडा वहीत लिहायचा. दिवसाला दोन सिलिंडर जात होते. काम असो वा नसो, दोन. काम नसलेल्या रविवारीही जवळपास तेवढेच, हे पाहून माझी पहिल्यांदा झोप उडाली. मार्चअखेर भट्टी विझवली, मूस तडकली, आणि ते कर्ज मी पुढची चार वर्षं फेडलं. ती वही अजून माझ्याकडे आहे. तुम्ही जी भट्टी घेताय ती त्याच जातीची आहे, फक्त अडीचपट मोठी.

आता ठरावाबद्दल.

सर्वांत मोठी तक्रार हिशेबाची आहे. तुम्ही भट्टीची किंमत पाहिली, तिची भूक पाहिली नाही. स्वस्त भट्टीच्या विक्रेत्यानंच आपल्या माहितीपत्रकात लिहिलंय की नुसतं तापमान टिकवायला दिवसाला एकोणीस किलोचे तीन सिलिंडर लागतील. म्हणजे आठवड्याला एकवीस. आता कागदावरचं गणित करा. कच्च्या मालापासून एक किलो साधी सोडा-लाइम काच, म्हणजे वाळू, सोडा आणि चुनखडीची नेहमीची काच, वितळवायला सिद्धांतानं पावणेतीन मेगाज्यूलच्या आतबाहेर उष्णता पुरते. एक किलो एलपीजी जळाला की सुमारे ४६ मेगाज्यूल उष्णता मिळते. म्हणजे एका सिलिंडरमध्ये तीनशे किलोहून जास्त काच वितळवण्याइतकी उष्णता भरलेली आहे. आठवड्यातून दोनदा मूस पूर्ण भरली तरी काच होणार तीनशे किलो. कागदावर पुरेशा असलेल्या एका सिलिंडरच्या जागी आपण एकवीस जाळणार. सिद्धांत आणि भट्टी यांत अंतर राहणारच, हे मला वडिलांपासून ठाऊक आहे. पण एकास एकवीस हे अंतर निसर्गाचं नाही, खरेदीचं आहे.

बाकीचे वीस जातात कुठे? निम्म्याहून जास्त सरळ धुराड्यातून. भट्टीच्या आत अकराशे-बाराशे अंश असतील, तर बाहेर पडणारा धूरही जवळपास तेवढाच तापलेला असतो, आणि बर्नरला आपण पुरवतो ती मात्र बाहेरची थंड हवा. बाद झालेल्या निविदेतल्या रिकुपरेटरचं काम एवढंच आहे : बाहेर जाणाऱ्या धुराच्या उष्णतेवर आत येणारी हवा तापवायची. धूर आणि हवा एकमेकांत मिसळत नाहीत, मधल्या धातूच्या भिंतीतून उष्णता इकडून तिकडे जाते. हवा पाचशे-सहाशे अंशांपर्यंत तापली तर इंधनात पाव ते एक तृतीयांश बचत होते. आपल्या बाबतीत ती दिवसाला पाऊण ते एक सिलिंडर. व्यावसायिक सिलिंडर अठराशे रुपयांना धरा. साडेतीन लाखांचा फरक दोनशे ते दोनशे साठ दिवसांत फिटतो. त्यानंतर मूस टिकेल, भट्टी टिकेल तितके दिवस रोज तेवढा गॅस वाचत राहतो. ही बेरीज बैठकीत पाच मिनिटांत झाली असती.

हे तंत्र नवं आहे, आपल्याकडे कोणी वापरलेलं नाही, असं एका सदस्यांनी म्हटल्याचं इतिवृत्तात आहे. फिरोजाबादकडे पाहा. ताजमहालाच्या परिसरातल्या प्रदूषणाच्या खटल्यात ३० डिसेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयानं कोळसा बंद करण्याचा निकाल दिला आणि तिथल्या काच कारखान्यांना नैसर्गिक वायूवर यावं लागलं. घाईघाईत पुष्कळांनी जुन्याच भट्टीला गॅसचा बर्नर लावला. तेव्हा दिल्लीच्या टेरी या ऊर्जा संशोधन संस्थेनं तिथल्याच कारागिरांबरोबर बसून रिकुपरेटर असलेली मूस भट्टी तयार केली, आणि २००० सालापासून ती तिथे चालू लागली. बांगड्यांची काच पुरवणाऱ्या, आपल्याहून कितीतरी कमी शिकलेल्या माणसांनी ती स्वीकारली, कारण गॅसचं बिल त्यांच्या खिशातून जात होतं. पाव शतक जुनं तंत्र आपल्यासाठी नवीन कसं?

दुसरी तक्रार : आम्हाला कोणी विचारलंच नाही. आम्ही नऊ जण नेमकं काय बनवतो याची चौकशी ना सल्लागारानं केली, ना समितीनं. आमच्यातले पाच जण बर्नरवर काम करतात. त्यांना काचेच्या कांड्या लागतात, मुशीची गरजच नाही. दोघी जणी काचेचे तुकडे किल्नमध्ये आठशे अंशांना जोडून ताटल्या करतात. फुंकनळीवर काम करणारे दोघेच, आणि दोघांची मिळून आठवड्याची काच पन्नास किलोच्या वर जात नाही. मग दीडशे किलोची मूस कशाला? ‘क्षमता मोठी असावी, पुढे वाढ होईल’ हे धान्याच्या कोठाराला ठीक आहे. कोठार अर्धं रिकामं राहिलं तर खात नाही. भट्टी रिकामीही तेवढंच खाते.

केंद्राच्या माहितीपत्रकावर तुम्ही तेर, पैठण आणि भोकरदनच्या सातवाहनकालीन काचेच्या मण्यांचा उल्लेख केलाय. ‘दोन हजार वर्षांचा वारसा’ असं ठळक अक्षरात आहे. मला त्याचा मनापासून अभिमान आहे. तेरच्या लामतुरे संग्रहालयात मी माझ्या तिघींना घेऊन गेले होते, आणि त्या मण्यांसमोरून आम्ही तासभर हललो नव्हतो. पण तो मणी ज्वारीच्या दाण्याएवढा आहे. तो करायला चिमूटभर काच आणि नेमकी उष्णता लागते. त्या वारशाच्या नावानं मागितलेलं अनुदान आपण अशा भट्टीत घालतोय, जी आमच्यातल्या सात जणांच्या काही कामाची नाही.

तिसरी गोष्ट उन्हाळ्याची. आराखड्यात भट्टी बारा महिने चालणार असं गृहीत धरलंय. एप्रिल-मे महिन्यात आपल्याकडे बाहेरच बेचाळीस अंश असतात आणि केंद्राचं छप्पर पत्र्याचं आहे. धुराड्यातून न गेलेली उष्णता भट्टीच्या भिंतींतून आणि दारातून बाहेर पडते, आणि तिच्यासमोर माणूस उभा असतो. एक साधा हिशेब देते. अकराशे अंशांच्या भट्टीचं वीस सेंटीमीटर लांब-रुंद दार नुसतं उघडं ठेवलं तर त्यातून सुमारे आठ किलोवॉट उष्णता बाहेर फेकली जाते. घरचे चार गीझर एकदम चालू केल्यासारखं. निवडलेल्या निविदेतलं दार याच्या दुप्पट रुंद आहे आणि त्याला सरकतं झाकणही नाही. माझ्या भट्टीवर मार्चमध्येच एक मुलगा चक्कर येऊन पडला होता, तापलेली फुंकनळी हातात असताना. नळी त्याच्या पायापासून वीतभर अंतरावर पडली. तो आवाज माझ्या डोक्यातून अजून जात नाही. उष्णता वाया जाण्याचा प्रश्न माझ्यासाठी बिलाच्या आधी अंगावर येतो.

जगभरातले अनेक फुंकणारे स्टुडिओ उन्हाळ्यात भट्टी बंद करतात, त्याच काळात मूस बदलतात, विटा दुरुस्त करतात. मराठवाड्यात तरी एप्रिल आणि मे हे दोन महिने भट्टी विझलेलीच असली पाहिजे. दिवाळीचं, लग्नसराईचं काम ऑक्टोबर ते मार्च या सहा महिन्यांत बसतं.

विजेबद्दलही थोडं बोलते, कारण ‘मग विजेचीच भट्टी घेऊ, म्हणजे प्रदूषणाचा प्रश्न मिटला’ असाही एक सूर बैठकीत होता. तो तितका सरळ नाही. विजेच्या भट्टीला धुराडं नसतं, त्यामुळे ती उष्णता कमी वाया घालवते, हे खरं. पण आपल्या तारेतून येणारी बहुतेक वीज कोळशाची आहे. एका युनिटमागे देशात सरासरी ०.७ किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. गॅसच्या भट्टीत एका युनिटइतकी उष्णता निर्माण करताना पाव किलोहून कमी जातो, फक्त तिच्यातली निम्म्याहून जास्त धुराड्यात हरवते. दोन्ही तराजूत घातली तर उघड्या धुराड्याची गॅस भट्टी आणि कोळशाच्या विजेवरची भट्टी जवळजवळ सारख्या ठरतात. धुराड्याला रिकुपरेटर लावला की गॅस पुढे जातो. छपरावर सौर पॅनेल लावली की वीज पुढे जाते. शिवाय कोळशाच्या विजेला पाणी लागतं. २०१५ साली परळीचं औष्णिक केंद्र पाण्याअभावी बंद पडलं, आणि पुढच्याच उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, हे आपण इथल्यांनी विसरून चालणार नाही.

म्हणून माझं म्हणणं असं की रात्रंदिवस चालणारी मुशीची भट्टी लहान आणि गॅसची असावी, आणि किल्न उन्हावर चालाव्यात. ताटल्यांच्या किल्नला हे फार छान जमतं. माझ्या किल्नला एका खेपेला वीस-बावीस युनिट लागतात आणि त्यातली बहुतेक पहिल्या चार-पाच तासांतच. सकाळी नऊला लावली की दुपारी सर्वांत जास्त तापमान गाठते, नंतर झाकण बंद ठेवून आपोआप निवत राहते. ऊन असतं तेव्हाच तिला भूक असते. फुंकलेल्या वस्तू विजेच्या एका वेगळ्या पेटीत पाचशे अंशांच्या आसपास धरून रात्रभर हळूहळू निववाव्या लागतात. तिथे मात्र मध्यरात्री वीज गेली की सकाळी अख्खा दिवसभराचा माल तडकलेला मिळतो. त्या एका पेटीसाठी बॅटरी किंवा जनरेटर हवा. आराखड्यात केंद्राच्या पाटीवर रोषणाई आहे, या पेटीला मात्र आधार नाही.

भंगार काचेबद्दल तर एक शब्दही नाही, याचं मला सगळ्यात आश्चर्य वाटतं. वाळूज-चिकलठाणा पट्ट्यात बिअरचे कारखाने आहेत, भंगारवाल्यांकडे फुटलेल्या बाटल्यांचे ढीग लागलेले असतात, आणि आपण सिलिका वाळू आणि सोडा बाहेरून आणायचं ठरवतोय. मालात दहा टक्के भंगार काच घातली की वितळवण्याची ऊर्जा अडीच-तीन टक्क्यांनी घटते. शिवाय चुनखडी आणि सोडा तापताना त्यांच्यातूनच जो कार्बन डायऑक्साइड निघतो, किलोभर काचेमागे दोनशे ग्रॅमच्या आसपास, तो भंगार काचेतून निघत नाही. एकदा निघून गेलेला असतो. पण यात भाबडेपणा नको. बाटलीची काच फुंकायला हट्टी असते, लवकर आखडते, आणि स्टुडिओच्या मऊ काचेशी जुळत नाही. दोन्ही एका वस्तूत आल्या तर निवताना वेगवेगळ्या मापानं आकसतात आणि वस्तू फुटते. तपकिरी आणि हिरवी बाटली एकत्र वितळवली तर काचेत फेस येतो. म्हणून रंगाप्रमाणे निवडलेली, धुतलेली, झाकणाची कडी काढलेली काच हवी, आणि तिची मूस वेगळी. हे काम आमच्यातल्या बाया करायला तयार आहेत. एक लहान मूस आणि निवडायला एक सिमेंटचा ओटा, एवढंच मागतो.

घासकामाच्या पाण्याचं थोडक्यात. चाकावर काच घासताना पाणी लागतंच, कोरडं घासलं तर धूळ फुप्फुसात जाते. आराखड्यात ते पाणी सरळ गटारात सोडलंय. तीन टाक्या ओळीनं ठेवल्या, गाळ खाली बसू दिला, की तेच पाणी आठवडाभर फिरतं. माझ्या शेडमध्ये तीन जुने ड्रम आहेत. या, दाखवते.

१९०८ साली तळेगावला पैसा फंडाचा काच कारखाना उभा राहिला तो लोकांनी एकेक पैसा टाकून. आमचेही पैसे तसेच जमलेत, म्हणून त्यांचा हिशेब मागताना मला संकोच वाटत नाही.

मागण्या अशा. सहावा ठराव स्थगित करा आणि निविदा पुन्हा काढा. नव्या निविदेत भट्टीची किंमत आणि पाच वर्षांचं इंधन यांची बेरीज करून जी स्वस्त पडेल ती घ्या. इंधनाचा आकडा विक्रेत्यानं लेखी द्यावा आणि उभारणीनंतर महिनाभर मोजून खरा ठरला तरच शेवटचा हप्ता सोडावा. पन्नास-साठ किलोची एक मूस आणि भंगार काचेसाठी वीस किलोची दुसरी, दोन्हींना रिकुपरेटर, उष्णता अडवणारं जाड सिरॅमिक ब्लँकेट आणि सरकतं दार असावं. गॅसला आणि प्रत्येक किल्नला स्वतंत्र मीटर बसवा, आणि रोजचे आकडे केंद्राच्या दारावरच्या फळ्यावर लिहा, म्हणजे ज्याला वाचायचं तो वाचेल. एप्रिल-मे भट्टी बंद, हे नियमावलीत घाला. समितीत प्रत्यक्ष काच काम करणारे निदान दोन सभासद घ्या, त्यातली एक बाई असावी. आणि सौर पॅनेलची तरतूद ‘दुसऱ्या टप्प्यात’ ढकलली आहे ती पहिल्या टप्प्यात आणा. दर्शनी कमानीचा खर्च दुसऱ्या टप्प्यात गेला तरी आमची हरकत नाही.

यातलं एखादं गणित माझं चुकलं असेल तर दाखवा, मी जाहीरपणे दुरुस्त करीन. तुमच्या सल्लागारांना घेऊन माझ्या शेडवर या. जुनी वही आहे, काटा आहे, दोन वर्षांचे किल्नचे मीटरचे आकडे आहेत. कार्यादेश निघाला नसेल तर तो थांबवायला एक सही पुरते. तो निघाला असेल तर निदान भट्टीचा पाया ओतण्याआधी, धुराड्याशी रिकुपरेटर बसवायला चार फुटांची जागा तरी सोडायला सांगा. नंतर ती जागा भिंत फोडून करावी लागते, मी केली आहे.

पुढच्या बैठकीला मी येणार आहे. यावेळी पहिल्या रांगेत बसेन.

आपली विश्वासू,
केंद्राची एक सभासद, काचकाम करणारी
वाळूज, छत्रपती संभाजीनगर